आशा नाही, पण विश्वास आहे: असे चालते का?

सातरस्ता (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापूरची, निवृत्त शिक्षिका आहे. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात सोलापुरात जे काम उभे केले, त्या काळापासून आमचे घर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. त्यामुळे ‘विश्वास’ आणि ‘आशा’ हे शब्द पवित्र शास्त्रात, उपासना-संगीतातल्या गीतांत आणि घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत इतक्या वेळा कानांवरून गेले, की ते एकच गोष्ट सांगतात की दोन, असा प्रश्न मला साठ वर्षांत कधी पडला नाही. तो गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने विचारला.

त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. दीड वर्ष आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालले. पुढे हृदयही थकले आणि मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया त्याला झेपणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्या दिवसांत मंडळीतील माणसांनी आम्हाला जे सांभाळले, ते मी विसरणार नाही. घरी डबे आले, रात्री दवाखान्यात बसायला तरुण मुले आली, प्रार्थनासभा झाल्या. मात्र प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी एकच वाक्य येई, ‘विश्वास धरा, तो उठून उभा राहणारच.’ एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, ‘ताई, मी बरा होईन अशी आशा मला आता राहिली नाही. पण देवावरचा विश्वास गेलेला नाही. असं चालतं का गं? का माझं काही चुकतंय?’

तीस वर्षे मी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवले, आणि त्याला उत्तर म्हणून मला एवढेच सुचले की, ‘तू आता पड, बोलू नकोस.’ त्यानंतर अकराव्या दिवशी तो गेला.

दफनविधीनंतर मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ सांत्वनाला आले होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, पण बोलता बोलता ते म्हणाले, ‘शेवटी त्याने आशा सोडली, तिथेच विश्वास उणा पडला.’ ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, आणि ते खोटे आहे असे म्हणण्याइतका अभ्यासही माझ्याजवळ नाही.

माझी अडचण अशी आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 11 व्या अध्यायाचे पहिलेच वचन विश्वासाची ओळख आशेवरून करून देते: ज्यांची आशा धरली आहे अशा गोष्टींविषयीचा भरवसा म्हणजे विश्वास. मग आशाच नसेल तर भरवसा कशाविषयी उरला? उलट पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात विश्वास, आशा आणि प्रीती ही तीन वेगळी मोजतो. वेगळी असतील तर एक जाऊन दुसरी राहू शकते. भावाला जे उत्तर द्यायला हवे होते, ते मला निदान आता तरी कळावे, म्हणून हा धागा काढला आहे. जाणत्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

बावखल (वसई)

ताई, आपल्या भावाला प्रभूच्या सान्निध्यात विसावा मिळो. मी कॅथलिक आहे. आमच्याकडे यांना श्रद्धा, आशा आणि प्रीती असे म्हणतात, आणि हे तीन सद्गुण माणसाच्या कमाईचे नसून देवाकडून मिळालेले मानले जातात. आपल्या प्रश्नावर आमच्या परंपरेत फार बारकाईने विचार झालेला आहे.

संत ऑगस्टीन यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात या तीन गोष्टींवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी एक साधा भेद सांगितला आहे. विश्वास चांगल्या गोष्टीवरही असतो आणि वाईटावरही. घडून गेलेल्यावर, चालू असलेल्यावर आणि पुढे येणाऱ्यावरही असतो. स्वतःविषयी असतो तसा दुसऱ्याविषयीही असतो. ख्रिस्त क्रुसावर मेला यावर आपण विश्वास ठेवतो, त्याची आशा करत नाही, कारण ते घडून गेले आहे. आशा मात्र चांगल्याचीच, पुढच्याचीच आणि आशा धरणाऱ्याच्या स्वतःच्या हिताचीच असते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हे आणखी पुढे नेले. त्यांच्या मते आशेच्या विषयाला चार खुणा असतात: तो चांगला असतो, अजून यायचा असतो, मिळवायला कठीण असतो आणि तरीही शक्य असतो. जे हातचे आहे त्याची कोणी आशा करत नाही. जे अशक्य वाटते तेथे निराशा येते. विश्वास बुद्धीत वसतो आणि आशा इच्छाशक्तीत. देव आहे आणि तो साहाय्य करतो, हे विश्वास दाखवतो, आणि मग आशा त्या दिशेने हात पुढे करते. म्हणून विश्वास आधी येतो. यातूनच असे निघते की, आशा मोडली तरी विश्वास जागेवर राहू शकतो. निराश झालेला माणूस अविश्वासी झाला, असे थॉमस म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट नम्रपणे मांडतो. आशेविरुद्ध दोन पापे त्यांनी सांगितली आहेत. एक निराशा, दुसरे, देवाने जे सांगितलेलेच नाही ते तो करणारच असे धरून चालणे. आपण पहिल्या पापाविषयी फार बोलतो. आजाऱ्याच्या खाटेशी मात्र दुसरेही घडत असते, आणि ते भक्तीच्या भाषेत घडत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही.

राहिला प्रश्न आपल्या भावाने काय गमावले होते, याचा. आशेचा मुख्य विषय स्वतः देव आहे. बाकीच्या गोष्टींची आशा त्याच्या संदर्भाने धरायची असते. बरे होण्याची आशा सोडणे म्हणजे देवाची आशा सोडणे नव्हे. मला तरी येथे काही चुकले असे दिसत नाही.

निवृत्त पाळक (बार्शी)

वरील प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्यातील बहुतेक मला मान्य आहे; पण त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचे वाक्य कोठून येते, तेही समजून घ्यायला हवे, नाही तर आपण त्यांच्यावर अन्याय करू. आमच्या प्रॉटेस्टंट परंपरेत विश्वास म्हणजे बुद्धीने दिलेली नुसती संमती नाही. याकोबाच्या पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात म्हटले आहे की, देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. तेवढाच विश्वास असेल तर तो आशेवाचून राहू शकतो, पण तो कोणाला तारत नाही. ल्यूथर आणि त्याच्या मागून आलेल्यांनी विश्वास म्हणजे अंतःकरणाने टाकलेला भार, असे शिकवले. एकदा असे म्हटले की आशा त्यात आपोआप येऊन बसते.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनने आपल्या मोठ्या ग्रंथाच्या 1559 च्या अखेरच्या आवृत्तीत या दोहोंचे नाते फार सुरेख मांडले आहे. त्याचा आशय असा की, देव सत्य आहे असे विश्वास मानतो आणि ते सत्य वेळ आल्यावर प्रकट होईल याची आशा वाट पाहते. विश्वास हा पाया आहे, त्यावर आशा उभी असते. पण तीच आशा विश्वासाला अन्न पुरवते, तो वाटेत थकून बसू नये म्हणून त्याला पुन्हा पुन्हा ताजा करते. माझ्या 38 वर्षांच्या सेवेत मला या दुसऱ्या अर्ध्या भागाचा प्रत्यय जास्त आला. पाया खचून पडलेली माणसे मी थोडी पाहिली. वाट पाहून थकलेली पुष्कळ पाहिली.

तेव्हा ‘आशा गेली म्हणजे विश्वास उणा पडला’ हे वाक्य तत्त्व म्हणून आमच्या शिकवणीच्या जवळचे आहे. चूक ते लावण्यात झाली. कॅल्व्हिनच्या त्याच मांडणीत आणखी एक शब्द आहे, जो मी वर सांगितला नाही: वचन. देवाने ज्याचे वचन दिले, त्याची आशा. अब्राहामाला पुत्राचे वचन स्पष्ट शब्दांत मिळाले होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 4 थ्या अध्यायात पौल म्हणतो की, आशेला जागा नसताना त्याने आशेने विश्वास ठेवला. आणि लगेच हेही सांगतो की, आपले शरीर निर्जीव झाल्यासारखे आहे आणि पत्नी सारा हिचे उदर वांझ आहे, हे त्याने ध्यानात घेतले होते. म्हणजे विश्वासाच्या त्या सर्वांत मोठ्या उदाहरणातही डॉक्टरांचा कागद खोटा मानलेला नाही. आपल्या भावाला मात्र ‘तुझी मूत्रपिंडे चालू लागतील’ असे वचन शास्त्रात कोठेही नव्हते. आम्हीच ते प्रेमापोटी उभे केले आणि मग त्यावरून त्याचा विश्वास मोजला.

दानीएलाच्या 3 ऱ्या अध्यायातील तीन तरुण राजाला काय सांगतात ते पाहावे. आमचा देव आम्हाला अग्नीच्या भट्टीतून सोडवण्यास समर्थ आहे, हे त्यांचे पहिले वाक्य. त्याने तसे केले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही, हे दुसरे. प्रार्थनासभांत आम्ही पहिले वाक्य फार मोठ्याने म्हणतो. मीही तसेच केले आहे, आणि ताई, आपला धागा वाचून मला त्या घरांची आठवण झाली.

भीमातीर (पंढरपूर)

मी वारकरी घरातला आहे. या चर्चेत पडण्याचा माझा अधिकार नाही, पण एक शंका मनात आली ती विचारतो. आपण सर्वजण आशा हा सद्गुण धरूनच बोलत आहात. आमच्या कानांवर लहानपणापासून याच्या उलट पडलेले आहे. शाळेत पाठ केलेले सुभाषित सांगते की, आशा ही माणसाची एक अद्भुत साखळी आहे. तिने बांधलेले धावत सुटतात आणि तिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे स्थिर राहतात. गीतेच्या 3 ऱ्या आणि 4 थ्या अध्यायांत ‘निराशी’ हा शब्द चांगल्या अर्थाने आला आहे, म्हणजे ज्याने फळाची आशा टाकली तो. या दृष्टीने पाहिले तर, ताई, तुमचा भाऊ बरे होण्याची आशा सोडून देवाला धरून राहिला, ही त्याची चूक तर नाहीच, उलट ती वरची पायरी म्हणावी लागेल.

तरी प्रामाणिकपणे हेही लिहायला हवे की, आमच्याच तुकोबांच्या अभंगात जीवाला भेटीची आस लागलेली आहे आणि रात्रंदिवस वाट पाहणे चालू आहे. ती आस टाकावी असे कोणी वारकरी म्हणणार नाही. मग टाकायची आशा कोणती आणि धरायची आस कोणती, हे तुमच्याकडे कसे ओळखतात?

सातरस्ता (सोलापूर)

माऊली, अधिकार नाही असे म्हणू नका. तुमच्या साखळीमुळेच मी गेले चार दिवस शास्त्रातल्या शब्दांमागे लागले, आणि जे सापडले ते येथे लिहिते.

जुन्या करारात आशेसाठी जो हिब्रू शब्द पुष्कळदा येतो तो ‘तिक्वा’. त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ वाट पाहणे असा आहे, म्हणजे तुकोबांची आस आणि हा शब्द शेजारी बसतात. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी असा आहे. यहोशवाच्या 2 ऱ्या अध्यायात यरीहो नगराच्या तटावर राहणारी राहाब दोघा हेरांना लपवते, दोराने खिडकीतून खाली सोडते, आणि ते तिला सांगतात की, आम्ही परत येऊ तेव्हा ही किरमिजी दोरी खिडकीला बांधलेली असू दे. ती खिडकीला बांधायची दोरी म्हणजे ‘तिक्वा’. राहाबेचे नाव इब्री पत्राच्या 11 व्या अध्यायात विश्वासाच्या यादीत आहे. विश्वासाने तिने दार उघडले, आणि नंतरचे सगळे दिवस, तटाभोवती शत्रूच्या फेऱ्या चालू असताना, तिच्या हाती काय होते? खिडकीला बांधलेली दोरी. त्या दोरीने तिला कोठे पळवले नाही. साखळी आणि दोरी यांत मला एवढा फरक दिसतो की, साखळीचे दुसरे टोक माझ्याच हव्यासाला जोडलेले असते, आणि राहाबेच्या दोरीचे दुसरे टोक कोणीतरी दिलेल्या शब्दाला. पाळकसाहेबांनी ‘वचन’ या शब्दावर बोट ठेवले, ते हेच असावे.

विश्वासासाठीचा हिब्रू शब्द ‘एमुना’. ‘आमेन’ त्याच धातूचा. निर्गमच्या 17 व्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे हात थकतात आणि अहरोन व हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात, त्यामुळे सूर्यास्तापर्यंत त्याचे हात स्थिर राहतात. तेथे ‘स्थिर’ या अर्थी ‘एमुना’ हाच शब्द आहे. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. स्थिर राहिलेले ते हात दुसऱ्यांनी धरलेले होते. डबे घेऊन येणारी आमची मंडळी आठवली आणि त्यांच्याविषयीचा माझा राग पुष्कळ ओसरला.

शेवटची गोष्ट आमच्या गावाच्या अगदी जवळची आहे. दुःखाने पोळलेला ईयोब त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात म्हणतो की, माझे दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने जातात आणि आशेवाचून संपतात. मूळ भाषेत येथेही ‘तिक्वा’ आहे, आणि अभ्यासकांनी दाखवले आहे की, हे वाक्य ‘सूत नसल्यामुळे संपतात’ असेही ऐकू येते. विणकामातले कोणी येथे असेल तर सांगावे: सूत संपल्यावर धोट्याचे काय होते?

हातमाग ते यंत्रमाग (पूर्व भाग, सोलापूर)

मी ख्रिस्ती नाही, पण प्रश्न माझ्या घरचा आहे. पूर्व भागात आमच्या तीन पिढ्या मागावर गेल्या. आजोबा हातमागावर होते, वडिलांनी यंत्रमाग घेतले, चादरी काढल्या.

धोट्याच्या पोटात कांडी असते आणि कांडीवर बाण्याचे, म्हणजे आडवे सूत गुंडाळलेले असते. धोटा या बाजूने त्या बाजूला जाताना सूत सोडत जातो आणि फणी ते ठोकून बसवते. आता ईयोबाचे वाक्य घ्या. जुन्या मागावर कांडी संपली आणि कारागिराचे लक्ष नसले, तर धोटा थांबत नाही. तोच खडखडाट, तोच वेग, पण कापड पुढे सरकत नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला माग जोरात चालला आहे असेच वाटते. आमच्या वडिलांना मात्र पलीकडच्या खोलीत बसून आवाजावरून कळत असे की, कांडी रिकामी झाली. ज्याने ते वाक्य लिहिले, त्याने माग जवळून पाहिला असला पाहिजे.

दुसरे असे की, ताणा आधी बसवावा लागतो. हजारो उभे धागे बीमवरून ताणून बांधले जातात, तेव्हा कापड कोठेच नसते. तुमचा विश्वास मला त्या ताण्यासारखा वाटतो. बाणा एकेका धाग्याने येतो आणि वारंवार संपतो. कांडी संपली म्हणून माग मोडला असे आम्ही कधी म्हणत नाही. कांडी बदलतो आणि पुढे विणतो. तुमच्या भावाची एक कांडी संपली होती, एवढेच मला समजते.

होटगी रोड (सोलापूर)

सर्वांचे प्रतिसाद मनापासून वाचले. तरीही मला थोडे अडवावेसे वाटते, कारण आपण हळूहळू हा प्रश्न फार सोपा करत आहोत.

सहा वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. तेव्हा मलाही हेच सांगण्यात आले होते की, या जगातली आशा सोड आणि स्वर्गाची धर. कांडी बदल, असेच म्हणा. पण शास्त्रातली माणसे इतक्या सहज कांडी बदलताना दिसत नाहीत. 27 व्या स्तोत्राचा कर्ता जिवंतांच्याच भूमीत परमेश्वराचे चांगुलपण पाहण्याची गोष्ट बोलतो. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते; शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरी ते सगळे देवाला उद्देशून आहे. लूकच्या 24 व्या अध्यायात, येशूला क्रुसावर दिल्यानंतर, अम्माऊस गावाच्या वाटेवरचे त्याचे दोघे शिष्य म्हणतात, ‘आम्ही आशा धरून होतो’. क्रियापद भूतकाळी आहे. आशा संपलेली आहे, आणि ज्याच्याविषयी ती होती तो येशू, मेलेल्यांतून उठलेला, ओळख न देता शेजारून चालतो आहे. तो त्यांना मंदमती म्हणून बोल लावतो हे खरे, पण ‘तुम्ही अविश्वासी झालात, परत जा’ असे म्हणून त्यांना सोडून जात नाही. गावापर्यंत त्यांच्याबरोबर चालतो आणि जेवायला बसतो. मला या दोन स्तोत्रांनी आणि या वाटेने जगवले. स्वर्गाविषयीच्या व्याख्यानांनी जगवले नाही.

जर्मन ईश्वरविज्ञानी युर्गेन मोल्टमन यांचे येथे स्मरण करतो. त्यांचा जन्म 1926 चा, हॅम्बुर्गचा. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला, आणि पुढे युद्धकैदी म्हणून छावण्यांत असताना विलापाची स्तोत्रे आणि क्रुसावरची येशूची आरोळी वाचून ते ख्रिस्ताकडे आले. 1964 मध्ये त्यांचा आशेच्या ईश्वरविज्ञानावरील ग्रंथ आला. ख्रिस्ती जीवनात विश्वासाचा क्रम आधीचा असला तरी श्रेष्ठ स्थान आशेचे आहे, असे त्यांनी म्हटले. त्यांच्या मते आशा माणसाला मरणाशी तडजोड करू देत नाही. आहे ते ठीकच आहे असे म्हणू देत नाही. पुनरुत्थानाची आशा धरणाऱ्याला मरण हे शत्रूच वाटले पाहिजे. तेव्हा ताईंच्या भावाने बरे होण्याची आशा सोडली, ती ‘वरची पायरी’ होती असे मी म्हणणार नाही. तो तोटा होता. तोट्याला तोटा म्हणण्याची मोकळीक विश्वासात असावी, एवढेच मागतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, बावीस वर्षे अतिदक्षता विभागात आणि आता वेदनाशमनाच्या कामात. होटगी रोड यांच्याशी मी सहमत आहे. रुग्ण जेव्हा ‘आशा नाही’ म्हणतो, तेव्हा तो बहुधा एका गोष्टीविषयी बोलत असतो, आणि आपण घाबरून त्याला दुसरी आशा हाती देतो. थोडे थांबले तर तो स्वतःच सांगतो की, अजून कशाची आशा आहे. कोणाला मुलीचे पत्र यायचे असते, कोणाला एक रात्र दुखण्यावाचून हवी असते, कोणाला भावाशी बोलणे सुरू करायचे असते. ताई, राग मानू नका, पण तुमच्या भावाला शेवटच्या दिवसांत आणखी कशाची आशा होती, हे तुम्ही अजून लिहिले नाही.

सातरस्ता (सोलापूर)

होटगी रोड, तुम्ही अडवलेत ते बरे केले. माझ्या मनात हेच होते आणि लिहिण्याचे धैर्य नव्हते. तो तोटाच आहे.

रात्रपाळीताई, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस गप्प राहिले, कारण उत्तर माझ्यासमोर होते आणि मी त्याला आशा असे नाव कधी दिले नव्हते. डायलिसिसला त्याच्या शेजारच्या खाटेवर मंगळवेढा तालुक्यातला एक मुलगा असे, वय सोळा. एसटीने वडिलांबरोबर येई. आजारामुळे त्याची शाळा सुटली होती. भावाने त्याला सतरा नंबरचा अर्ज भरायला लावला, चार तास यंत्राला जोडलेला असताना त्याच्याकडून बीजगणिताची उदाहरणे सोडवून घेतली, आणि हात थरथरू लागले तेव्हा तोंडी सांगून सोडवून घेतली. त्या संध्याकाळी मला तो प्रश्न विचारल्यानंतर, मी ‘पड’ म्हटल्यावर, तो जे शेवटचे बोलला ते मी वर लिहिले नव्हते. तो म्हणाला, ‘त्या पोराचं गणित तू बघ. तो दहावी होतोय, बघशील.’ आवाजात शंका नव्हती. स्वतःविषयी बोलताना जो आवाज नव्हता, तो त्या मुलाविषयी बोलताना होता.

पण बावखल यांनी ऑगस्टीनचे मत सांगितले आहे की, आशा ही आशा धरणाऱ्याच्या स्वतःच्याच हिताची असते. मग हिला काय म्हणायचे? दुसऱ्यासाठी धरलेली आशा ही आशेत गणली जाते का?

बावखल (वसई)

गणली जाते, ताई, आणि हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते. थॉमस यांनी नेमका हाच प्रश्न घेतला आहे: एक माणूस दुसऱ्याच्या शाश्वत सुखाची आशा धरू शकतो का? तेथे शाश्वत सुखाचा विषय आहे, दहावीचा नाही, तरी तर्क लागू पडावा असे मला वाटते. एरवी आशा ज्याची त्याचीच असते, असे ते म्हणतात. पण प्रीतीने दोघे जोडले गेले असतील, तर दुसऱ्याचे हित माणसाला स्वतःच्या हितासारखे होते आणि मग तो दुसऱ्यासाठीही आशा धरू शकतो. तीही तीच आशा असते, वेगळी नव्हे.

निवृत्त पाळक (बार्शी)

यिर्मयाच्या 32 व्या अध्यायाची आठवण झाली. यरुशलेमेला वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत, नगर पडणार हे त्यानेच सांगितलेले. अशा वेळी तो अनाथोथ येथले शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतो आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. त्या शेताचे पीक तो स्वतः खाईल असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. ताई, तो मुलगा आता कसा आहे?

सातरस्ता (सोलापूर)

डायलिसिस चालू आहे. शनिवारी दवाखान्यातून सुटल्यावर तो वडिलांबरोबर आमच्या घरी येतो, थोडा पडतो, मग दोन तास बसतो. थकवा असेल तेव्हा मी वाचते आणि तो ऐकतो. बीजगणित झाले आहे, भूमिती मागे आहे. भावाची वही त्याच्याकडेच असते. तिच्यात एक उदाहरण अर्धे सोडवून राहिलेले आहे, ते त्याने परवा स्वतः पुरे केले आणि खाली तारीख घातली. येत्या शनिवारी वर्तुळाचा धडा सुरू करायचा आहे. मी तो काल रात्री वाचून ठेवला, कारण मला स्वतःला त्यातली दोन प्रमेये आता नीट आठवत नाहीत.